चॅसिसमधली नावे : स्प्रिंग रिव्हर्बचा इतिहास कोणाचा?

१/ गिटारवादकांच्या वर्तुळात एक कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. कॅलिफोर्नियात लाटांवर स्वार होणाऱ्या एका वादकाला समुद्राचा नाद गिटारमध्ये हवा होता; लिओ फेंडरने तो पेटीत भरून दिला; आणि स्प्रिंग रिव्हर्ब जन्मला. कथा गोड आहे. इतिहास म्हणून मात्र ती जवळजवळ प्रत्येक पायरीवर घसरते.

२/ आज तीच व्हॉल्व्हची पेटी किटच्या रूपाने मिळते : सुटे भाग, रिकामी चॅसिस, आराखडा. बांधणारा अभिमानाने म्हणतो, ‘शून्यातून घडवली.’ टीकाकार हिणवतो, ‘आकडे पाहून रंग भरल्यासारखे काम.’ दोघांचे भांडण खोटे आहे, कारण दोघांनाही वस्तूमागे एकच कर्ता हवा आहे. या धाग्याचा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

३/ आरंभ स्प्रिंगपासून करावा. तिचा उगम संगीतात नाही, टेलिफोनमध्ये आहे. लांब पल्ल्याच्या तारांवर आवाज उशिरा पोचतो. तो विलंब प्रयोगशाळेतच निर्माण करता यावा, म्हणून बेल प्रयोगशाळांच्या अभियंत्यांनी स्प्रिंगांचा वापर केला. आर. एल. वेगेल यांचे पेटंट १९३२ चे आहे. समुद्र तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

४/ दुसरी पायरी चर्चची. लॉरेन्स हॅमंड यांचा विद्युत ऑर्गन १९३५ मध्ये बाजारात आला. दगडी वास्तूतला घुमारा त्याच्या अंगी नव्हता, आणि तो घेणारी अनेक चर्चे व घरे गालिच्यांनी आवाज गिळणारी होती. तीसच्या दशकाच्या अखेरीस हॅमंडने स्प्रिंगांनी हा घुमारा देऊ केला. आरंभीची ही यंत्रणा सुमारे चार फूट उंच होती आणि स्प्रिंगांचे कंप आवरायला तिच्यात तेल भरावे लागे. पुढे हॅमंडच्याच अभियंत्यांनी ती सुमारे १७ इंचांच्या पत्र्याच्या टँकमध्ये बसवली.

५/ फेंडरची ६जी१५ ही स्वतंत्र रिव्हर्ब पेटी १९६१ ची. तिच्यातला टँक हॅमंडचा होता. फेंडरचे श्रेय खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही : गिटारला साजेसे सर्किट, उचलून नेता येईल अशी पेटी, तीन खुंट्या. पण हे श्रेय जुळवणीचे आहे, जन्माचे नव्हे.

६/ आणि समुद्र? डिक डेलच्याच मुलाखतींनुसार त्याला रिव्हर्ब हवा होता तो स्वतःच्या गळ्यासाठी, आवाजाला लांबी मिळावी म्हणून. सर्फ वाद्यसंगीताचा आरंभ मानली जाणारी त्याची ‘लेट्स गो ट्रिपिन’ (१९६१) ऐकावी. तिच्यात स्प्रिंगचा तो ओला नाद नाही. शैली आधी आली, पेटी मागाहून. दोघींची सांगड लोकस्मृतीने नंतर घातली.

७/ आता पेटीच्या आत. १२एटी७ व्हॉल्व्ह सिग्नल उचलतो. ६के६ त्याला बळ देऊन एका लहान ट्रान्सफॉर्मरमार्फत टँकच्या कॉइलमध्ये ढकलतो. कॉइलमुळे स्प्रिंगच्या टोकाचे चिमुकले चुंबक पीळ घेतात. तो पीळ स्प्रिंगभर धावतो, परततो, पुन्हा धावतो. दुसऱ्या टोकाची कॉइल त्याची पुन्हा वीज करते आणि ७०२५ व्हॉल्व्ह त्या क्षीण कुजबुजीला मोठे करतो.

८/ स्प्रिंगमध्ये उंच आणि खोल स्वर एकाच वेगाने जात नाहीत. म्हणून तारेवरचा एक तुटक आघात पलीकडे पाण्याच्या थेंबासारखा टपकतो. अॅम्प्लिफायरमध्येच बसवलेल्या रिव्हर्बला बहुधा एकच खुंटी असते. येथे ‘ड्वेल’ ही वेगळी खुंटी स्प्रिंगला किती जोराने ढकलावे हे ठरवते. थेंबाचे रहस्य बरेचसे तिच्यात आहे. पण रहस्य म्हणजे चमत्कार नव्हे. ते टेलिफोनवाल्यांकडून चालत आलेले भौतिकशास्त्र आहे.

९/ किटचा आराखडा हा खरे तर ऐतिहासिक दस्तऐवज आहे. टँकची ग्राहक बाजू पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब का? जवळ आल्यास ती त्याचे चुंबकक्षेत्र पकडते आणि पेटी गुणगुणू लागते. अमुक तार चॅसिसला चिकटून का? तमुक तार आखूड का? हे कोणीतरी चुकत, ऐकत, सुधारत शिकलेले शहाणपण आहे. त्याखाली सही मात्र कोणाचीच नाही.

१०/ सही शोधायची असेल तर जुनी चॅसिस उघडावी. फुलरटनच्या फेंडर कारखान्यात सोल्डरिंगचे बरेचसे काम स्त्रियांच्या हाती होते. त्यांत मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया लक्षणीय संख्येने होत्या. त्या काळच्या अनेक अॅम्प्लिफायरांच्या आत कागदी चिकटपट्टीचा तुकडा आढळतो, त्यावर पेन्सिलीने किंवा शाईने लिहिलेले नाव : लिली, लुपे. आडनाव नाही. मालकाचे आडनाव मात्र दर्शनी भागावर झळकते.

११/ याहून बोलका पुरावा विस्कॉन्सिनमधल्या मिल्टन गावचा. तेथील ओ. सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या टँकवर छापलेले असे की, हा माल मिल्टनच्या सुंदर मुलींनी नियंत्रित वातावरणात बनवला आहे. आज संग्राहक ते लेबल पाहून हसतात. हसण्याजोगे त्यात काय आहे? केसासारखी तार हाताळणाऱ्या कामगार स्त्रीचे कौशल्य लेबलला दिसले नाही. दिसले ते रूप. ज्या एका ठिकाणी तिची दखल घेतली गेली, तेथेही तिची थट्टाच झाली.

१२/ ‘लेबल म्हणजे विनोद, चिकटपट्टी म्हणजे कारखान्याची तपासणीची सोय, त्यावर इतिहास कसा उभा राहील?’ हा आक्षेप वजनदार आहे. पण निम्नवर्गीयांचा इतिहास नेहमी अशाच सोयीच्या कागदांतून वाचावा लागला आहे : हजेरीपट, दंडाच्या नोंदी, पावत्या. पुरावा तोकडा असेल तर निष्कर्ष जपून काढावा. पुरावाच फेकून देऊन तेथे लाटेवरचा नायक बसवणे ही सावधगिरी नव्हे.

१३/ किट बांधणाऱ्याचे स्थान येथे ठरते. १९४७ मध्ये मिशिगनच्या हीथ कंपनीने युद्धातून उरलेल्या भागांवर ऑसिलोस्कोपचे किट विकायला काढले, तेव्हापासून कारखान्यातले काम घरच्या टेबलावर आले. बांधणारा निर्माता नसतो, आणि नुसता नकलाकारही नसतो. तो लिली आणि लुपे यांच्या हालचाली पुन्हा करणारा वाचक असतो. एक कच्चा सोल्डरजोड शोधण्यात संध्याकाळ गेली की त्या कामाला ‘अकुशल’ म्हणण्याची हिंमत उरत नाही.

१४/ ‘अस्सल तशीच हवी’ हा हट्टही तपासावा. मूळ पेटीची पिन दोन तारांची, अर्थिंगविना; आज तशी जोडणी करणे म्हणजे जिवाशी खेळ. १२० व्होल्टचा अमेरिकी ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळेल. आणि पिन काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. ते रिते झाल्याचे मीटरने तपासल्यावाचून आत हात घालू नये. बदल न करता वारसा पुढे जात नाही, हे येथे अक्षरशः खरे आहे.

१५/ म्हणून मागणी साधी आहे. या पेटीचा इतिहास सांगताना टेलिफोनची तार, चर्चचा गालिचा, फुलरटनचे टेबल आणि मिल्टनचा कारखाना वगळू नयेत. आणि किट पुरे झाल्यावर चॅसिसच्या आत स्वतःचे नाव लिहायचे असेल तर अवश्य लिहावे. मात्र ती जागा आधी कोणाची होती, याची जाणीव ठेवून. (समाप्त)