रन झालं म्हणजे बरोबर झालं?

‘रन होतंय ना? मग झालं की!’ सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये हे वाक्य दर दोन खोल्यांआड ऐकू येतं. पायथॉनमधून सी-चं फंक्शन बोलावणाऱ्यांनी तरी ते म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायथॉन २.५ पासून (२००६) सी-टाइप्स हे मॉड्यूल सोबतच येतं. त्यातून सी-च्या गणिती लायब्ररीतलं वर्गमुळाचं फंक्शन बोलावून पाहा. नुसता २.० दिलात तर एरर येते, म्हणजे जाताना तरी गेटवर अडवतात. तोच आकडा सी-डबल करून दिला की आत सोडतात. पण उत्तर? १.४१४ ऐवजी भलताच पूर्णांक! कारण रिटर्न टाइप सांगितला नाही, तर सी-टाइप्स तो ‘इंट’ धरून चालतं. नेहमीच्या ६४-बिट पीसीवर डबलचं उत्तर एका रजिस्टरमध्ये असतं आणि हा गडी डोकावतो दुसऱ्याच रजिस्टरमध्ये. तिथे जे पडलेलं असेल ते उचलून आणतो. एरर वगैरे काही नाही.

वर्गमूळ चुकलं तर निदान डोळ्याला दिसतं. प्रोजेक्टमधल्या रीडिंग्जचं काय? पायथॉनच्या पूर्णांकाला मर्यादा नाही, पण ३२-बिटच्या सी-इंटमध्ये २१४७४८३६४८ टाका, मुकाट्याने उणे होतो. मग तोच आकडा ग्राफमध्ये, ग्राफ रिपोर्टमध्ये आणि रिपोर्ट बाइंडिंगला!

माझी सर-मॅडमना विनंती आहे, ओरलला आउटपुट बघण्याआधी ‘आर्गटाइप्स’ आणि ‘रेसटाइप’ या दोन ओळी दाखवायला सांगा. आमचे मार्क जातील. जाऊ देत.