चिरंजीव होण्याची शिक्षा

गेल्या रविवारी दुपारी आमच्या चिरंजीवांनी एक इंग्रजी गाणे लावले. पाच मिनिटे होत आली तरी गाणारा तोंड उघडेना! नुसती पाखरांची किलबिल, लाकडी ठोकळ्यांची टकटक, घंटा, मग गिटार, मग ड्रमचा दणका. खाटेवर पडलेली आमची आई नातवाला म्हणाली, "आरं, ह्यो गडी गाणार हाय का नुस्ताच वाजवनार?" आम्हीही रेडिओच्या तीन मिनिटांच्या गाण्यांवर वाढलेली माणसे. बंद कर म्हणणार होतो. पोरगा म्हणाला, "बाबा, जरा थांबा." थांबलो. अकरा मिनिटांनी गाणे संपले, तेव्हा पुन्हा लाव म्हणणारे आम्हीच होतो.

गाण्याचे नाव 'झॅनाडू'. कॅनडातील 'रश' नावाच्या बॅंडने ते १९७७ साली वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. वाजवणारे फक्त तिघे. गेडी ली गातो, बास गिटार वाजवतो, सिंथेसायझर सांभाळतो, आणि हात अपुरे पडले की पायाने पेडल दाबून खर्जाचे सूर काढतो. त्याचे आईवडील नाझींच्या छळछावण्यांतून वाचून कॅनडात आलेले. गिटारवाला अॅलेक्स लाइफसन, त्याचे घराणे युगोस्लाव्हियातून आलेले. तिसरा नील पिअर्ट. ड्रम वाजवायचा आणि गाणी लिहायचा. एके काळी वडिलांच्या शेतीअवजारांच्या धंद्यात सुटे भाग विकणारा हा पोरगा. पदवी नाही, पण वाचनाचे जबर वेड.

त्याने वाचली कोलरिज या इंग्रज कवीची 'कुब्ला खान' ही कविता. अवघ्या ५४ ओळींची. कवीने स्वतः लिहून ठेवले आहे की १७९७ साली, प्रकृती ठीक नसताना, औषध घेऊन तो कुब्लाई खानाच्या महालाचे वर्णन वाचत होता. वाचता वाचता झोप लागली आणि झोपेत दोन-तीनशे ओळी सुचल्या. उठून लिहायला बसला, तोच पोर्लॉक गावाहून कोणी तरी कामासाठी आला. तो गेल्यावर पाहतो तो सारे विसरलेले! १८१६ साली ती तशीच अपुरी छापली गेली. ही हकिकत सगळेच अभ्यासक खरी मानत नाहीत. आणि ते औषध म्हणजे अफू होती, तिने पुढे या थोर कवीचे आयुष्य पोखरले, हेही सांगितले पाहिजे.

झॅनाडू हे मात्र स्वप्न नव्हे. ते शांगदू, कुब्लाई खानाची उन्हाळी राजधानी. आजच्या चीनमधील अंतर्गत मंगोलियात. आमच्या वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो, याच नगरीत १२५८ साली कुब्लाईसमोर बौद्ध आणि ताओपंथी यांचा मोठा वाद झाला. त्यात तरुण तिबेटी भिक्षू फाग्सपा होते, आणि कौल बौद्धांच्या बाजूने गेला. पुढच्याच शतकात बंडखोरांनी ते राजवाडे जाळले. आज तेथे गवत आणि पडके तट आहेत. २०१२ साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली.

असो. कविता संपते ती स्वर्गीय दुधाच्या ओढीवर. ड्रमवाल्याने पुढचा प्रश्न विचारला : ते दूध खरोखरच प्यायला मिळाले तर? त्याच्या गाण्यातला माणूस जुन्या लेखांवरून माग काढीत, बर्फाचे डोंगर चढून त्या महालात पोहोचतो. अमर होतो. आणि मग दार सापडत नाही. हजार वर्षे उलटतात, डोके फिरते, तो जगाचाच अंत होण्याची वाट पाहत बसतो. आमच्या मते इथे ड्रमवाला कवीच्या पुढे गेला. (मुलाला आपण किती सहज चिरंजीव म्हणतो!)

आईला आम्ही ही गोष्ट मराठीत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. आमचा थोरला भाऊ जाऊन अठरा वर्षे झाली. ती हयात आहे. शेवटी म्हणाली, "म्हंजे त्याची समदी मानसं आधी गेली आसतील की रं. मग कुनासाठी जगायचं?" गाण्यात या माणसाच्या आईचा, बायकोचा, लेकरांचा उल्लेखच नाही. तो आमच्या ध्यानातही आला नव्हता.

पिअर्टने हे लिहिले तेव्हा त्याचे वय २४. १९९७ साली त्याची १९ वर्षांची मुलगी मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांत पत्नीही कर्करोगाने गेली. त्याने ड्रम सोडला, मोटारसायकल काढली आणि हजारो मैल एकटाच भटकला. काही वर्षांनी परतला. पुन्हा लग्न केले, पुन्हा ड्रमवर बसला, पुन्हा मुलगी झाली. २०१५ सालच्या शेवटच्या दौऱ्यात बासष्ट वर्षांचा पिअर्ट 'झॅनाडू' वाजवीत होता. २०२० च्या जानेवारीत मेंदूच्या कर्करोगाने तोही गेला.

हेही आईला सांगितले. तिने पदराने डोळे पुसले आणि नातवाला म्हणाली, "त्ये सुरवातीचं पाखरांचं लाव बरं पुन्यांदा."