घडणावळ

बँकेत तारण दागिन्यांचे मूल्य ठरविताना आम्ही घडणावळ कधीच धरीत नसू. निवृत्तीनंतर नातीसाठी चांदीच्या तारेच्या कुड्या करावयास बसलो. ०.८ मिलिमीटर जाडीची, ९२.५ टक्के शुद्धतेची, १० सेंटिमीटरची तार प्रत्येकी घेतली. एक सेंटिमीटर काटकोनात वळवून दांडी केली. उरलेल्या तारेचे तिच्याभोवती सपाट चक्र वळविले. वळविताना चांदी ताठरते, पुन्हा तापवून मऊ करावी लागते. दांडीचे टोक कानशीने गोल करावयाचे राहिले आणि नातीचा कान दुखावला. ती चूक सुधारली.

चांदी जेमतेम एक ग्रॅम, दुपारी मात्र दोन गेल्या. वाचकहो, आता हुपरीच्या कारागिराशी घडणावळीवरून घासाघीस करावयास मन धजत नाही.