धोक्याच्या वस्तऱ्याची साक्ष

रशियन भाषेत वस्तऱ्याचे जे रूढ नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘धोक्याचा वस्तरा’ असा होतो. पाते बदलता येणारे ‘बिनधोक’ यंत्र प्रचारात आल्यावर त्याच्यापासून जुने हत्यार निराळे ओळखता यावे म्हणून हे विशेषण त्याच्या कपाळी आले, आणि ते पुढे कायमचे चिकटले. अलीकडे जुन्या वस्तूंच्या शौकिनांत या सोव्हिएत वस्तऱ्यांना बराच भाव आला आहे. त्या राज्यात जे जे घडले ते चिरेबंदच असले पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे. सरकारी कारखान्याचा माल म्हणजे मोडीच्या लायकीचा, असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्षांचे लक्ष पात्यावरच्या शिक्क्यापाशी थबकते आणि धारेपर्यंत पोचतच नाही, अशी माझी तक्रार आहे.

हे कसब सोव्हिएत राजवटीने निर्माण केलेले नव्हे. ओका नदीच्या परिसरातील पाव्हलोवो व आसपासच्या गावांत चाकू, कात्र्या आणि कुलुपे घडविणारे घरगुती कारागीर पूर्वापार होते, आणि व्यापाऱ्यांच्या कचाट्यात सापडलेल्या त्यांच्या दैन्याचे वर्णन कोरोलेंको या लेखकाने १८९० मध्येच करून ठेवले आहे. त्याच मुलखात वाचा नावाचे गाव आहे (मराठी कानाला हे नाव मोठे गमतीचे वाटते), आणि तेथे १८३१ मध्ये कोंद्रातोव्ह यांनी काढलेला कारखाना क्रांतीनंतर सरकारजमा होऊन ‘त्रूद’, म्हणजे ‘श्रम’, या नावाने चालू राहिला. लेनिनग्राडजवळचा सेस्त्रोरेत्स्कचा कारखाना तर मुळात पहिल्या पीटरच्या काळातला शस्त्रांचा कारखाना. मोसिन रायफलीचा जनक मोसिन स्वतः तेथे अधिकारी होता. पुढे हा कारखाना अवजारांचा झाला आणि तेथूनही वस्तरे निघाले. तेव्हा विद्येची वाण नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे.

पोलादाचीही नव्हती. सोव्हिएत प्रमाणपद्धतीत साध्या अवजारी पोलादाच्या नावातील आकडा कर्बाचे प्रमाण दहांश टक्क्यांत सांगतो. ‘ऊ-१२’ म्हणजे सुमारे १.२ टक्के कर्ब. अशा पोलादाला नीट पाणी दिले आणि नंतर बेताच्या उष्णतेवर त्याचा ठिसूळपणा उतरवला, की बारीक धार धरण्याची शक्ती त्यात येते. परंतु वस्तऱ्याची खरी परीक्षा यापुढे आहे. दगडावर त्याची पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात, म्हणजे पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते. सबब पाठ कोठे जाड, कोठे पातळ घासली गेली असेल, अथवा पाणी देताना पाते किंचित पिळले गेले असेल, तर उत्तम पोलादसुद्धा निरुपयोगी होते. ही घासाई शेवटची, सर्वांत सावकाशीची, आणि नेमकी सोव्हिएत कारभारात सर्वांत अधिक घिसाडघाईत सापडणारी. योजनेचा हिशेब नगांत, वजनात किंवा रुबलांत मांडला जाई; महिनाअखेरीस उद्दिष्ट गाठण्यासाठी जी धावपळ उडे तिला त्यांच्या भाषेत ‘हल्ल्या’वरून बनलेला स्वतंत्र शब्दच होता; आणि माल नापास करणारा तपासनीस त्याच कारखान्याचा पगारी नोकर असे. वजनाचे उद्दिष्ट एकाच अजस्र खिळ्याने पुरे करणाऱ्या कारखान्याचे व्यंगचित्र त्यांच्याच ‘क्रोकोदील’ या नियतकालिकाने छापले होते, यावरून हे दुखणे घरच्यांना ठाऊक नव्हते असे नाही. गुणवत्तेचे पंचकोनी सरकारी चिन्ह १९६७ मध्ये आले खरे, पण तोवर गिऱ्हाईक पात्यांच्या यंत्राकडे आणि विजेच्या दाढीयंत्राकडे वळू लागले होते.

माझ्या मामांनी त्या देशातून आणलेला एक वस्तरा माझ्याकडे आहे. काळी मूठ, पात्याच्या देठावरचा शिक्का इतका झिजलेला की कारखान्याचे नाव लागत नाही. किंमत मात्र, तिकडच्या रिवाजाप्रमाणे धातूतच ठोकलेली, अजून स्पष्ट दिसते. काचेवर आडवा ठेवला की टाचेकडून नखाच्या जाडीइतका उचललेला राहतो. आमच्या पेठेतील एका वृद्ध नाभिकांना तो दाखविला. त्यांनी पाते अंगठ्याच्या नखावर हलकेच वाजवून पाहिले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, लोखंडाला नाव ठेवायला जागा नाही. पण ज्यानं हा घासला, त्याला घरी जायची घाई होती.”

दर्दी लोक अशा जुन्या मालातून नग निवडताना पोलादापेक्षा पाठ आधी पाहतात, ते याचमुळे. एकाच कारखान्याचे, एकाच छापाचे दोन वस्तरे, एक अव्वल आणि दुसरा वाकडा, असे शेजारी शेजारी सापडतात. मग देशाच्या नावाने सरसकट निवाडा देण्यात काय हशील? तिकडच्या गिऱ्हाइकाने तरी तो कोठे दिला! चाकू, कात्र्या आणि वस्तरे परजून देण्याची आरोळी ठोकत दारोदार हिंडणारा धारवाला रशियन शहरांच्या अंगणांत येत असे, आणि कारखान्याने अर्धवट सोडलेले काम तो दारातच पुरे करी.

आमच्या नाभिकांनी तो वस्तरा धोकटीत टाकला आणि चौथ्या दिवशी परत आणून दिला. पाठीवर एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला दोऱ्यासारखी अशी घासाईची चकचकीत रेघ उमटली होती. टाच अजून थोडी उचललेलीच आहे. ते म्हणतात, तेवढी दगडाच्या कडेवर सांभाळून घ्यायची.