कासच्या फुलांना हवेत जाणते हात

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील कास पठाराचा २०१२ साली पश्चिम घाटातील अन्य स्थळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. फुलांच्या हंगामात तेथे पर्यटकांची रीघ लागते. परिसरातील गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या गर्दीचे नियमन करतात. स्वयंसेवक प्लॅस्टिक वेचतात. हे कार्य स्तुत्य आहे. मात्र पठाराचे जतन केवळ स्वच्छतेने साधणार नाही.

जांभ्या खडकावरील मातीचा थर येथे अत्यंत पातळ असून त्यात नत्राची उणीव आहे. म्हणूनच दवबिंदू, सीतेची आसवे यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती येथे तग धरतात. शेतीत जो दोष मानला जातो, तोच या फुलांचा आधार आहे. गवत मोकाट वाढले, की ठेंगण्या फुलझाडांचे ऊन हिरावले जाते.

फुले पायदळी तुडवली जाऊ नयेत म्हणून पठाराला कुंपण घालण्यात आले; त्यासरशी गुरांची चराईही थांबली. गवत माजून फुले घटल्याची तक्रार पुढे होऊ लागली आणि अखेर कुंपण हटवावे लागले. अर्थात, अनिर्बंध चराईही तितकीच घातक ठरेल. प्रश्न चराई हवी की नको हा नसून ती किती व केव्हा, हा आहे.

ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकापासून रानफुलांची सुमारे ९७ टक्के कुरणे नष्ट झाली. उरलेल्या कुरणांत बी गळून पडल्यावर गवत कापतात आणि ते उचलून नेतात. कारण तेथेच कुजल्यास जमीन सकस होऊन गवतच बळावते. या कामी स्वयंसेवकांचा मोठा हातभार लागतो. कासची हवा-माती भिन्न असल्याने ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. तत्त्व मात्र विचारात घेण्याजोगे आहे.

वनविभागाच्या देखरेखीखाली पठारावर काही चौकटी आखाव्यात: एकीत मर्यादित चराई, दुसरीत बी गळल्यानंतर कापणी, तिसरी अस्पर्शित. फुलांची गणना प्रशिक्षित स्वयंसेवकांनी करावी आणि गुरे केव्हा सोडावीत, हे ठरवताना गुराख्यांचा अनुभव ग्राह्य धरावा. गणनेत सातत्य मात्र हवे. सात वर्षांतून एकदा बहरणाऱ्या टोपली कारवीचा हिशेब एका हंगामाच्या उत्साहाने लागत नाही.