रिपोर्टातली ती एक ओळ

ऑक्टोबर आला की जागोजागी गुलाबी फिती दिसतात. स्तनात गाठ लागतेय का ते बघत जा, हे आता मीरा रोड-भाईंदरच्या बायकांनाही पाठ झालंय. पण गाठ कॅन्सरची निघालीच तर आपण एकच विचारतो, "कुठली स्टेज?" माझ्या मते तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे, "रिसेप्टरचा रिपोर्ट काय आला?"

रिसेप्टर म्हणजे पेशीचं कुलूप. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं त्याच्या किल्ल्या. ईआर, पीआर आणि हर-टू या तीन रिसेप्टरवरून बरेचसे उपचार ठरतात. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी उपयोगी पडते. तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्या गोळीचा फायदा नाही.

आपल्याकडच्या कितीतरी जणी लोकलने परळचं टाटा हॉस्पिटल गाठतात. तिथे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने सुमारे १००० बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींना ऑपरेशनआधी ५ ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं. २०११मध्ये निष्कर्ष छापून आले. सरसकट सगळ्यांत ठोस फरक दिसला नाही. पण रोग काखेतल्या गाठींपर्यंत गेलेल्यांपैकी पाच वर्षं रोग न उलटलेल्या इंजेक्शनवाल्या ६५ टक्के होत्या, बाकीच्या ५५ टक्के.

हे कशामुळे? टाटाच्याच खारघरच्या केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या गटाने २०२२मध्ये त्यातला एक धागा उलगडला. मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांचे निरोप दाबणारे चिमुकले तुकडे. त्यांच्या शोधाला २०२४चं नोबेल मिळालं. असाच एक तुकडा, एमआयआर-१३०ए, कॅन्सरच्या पेशीत दुसऱ्या एका लांब आरएनएने अडकवून ठेवलेला असतो. प्रोजेस्टेरॉनने तो लांब आरएनए कमी होतो, तुकडा मोकळा होतो आणि इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरलाच आवर घालतो. मग आजूबाजूला घुसण्याचा पेशींचा जोर ओसरतो. म्हणजे रिसेप्टरवरून नुसती वाढ नाही, रोगाचं पसरणंही ठरतं.

अर्थात हे प्रयोगशाळेतल्या पेशींत दिसलेलं आहे. म्हणून मैत्रिणींनो, कुणाच्या सांगण्यावरून हार्मोनच्या गोळ्या अजिबात घेऊ नका. तपासणीचा खर्च वाचवायला किंवा ऑपरेशनच्या घाईत रिसेप्टरची तपासणी मात्र टाळू नका. नवरा, मुलगा फाइल सांभाळत असला तरी ती ओळ स्वतः वाचा, डॉक्टरांकडून समजून घ्या. आपल्या शरीराचा कागद आपल्याला वाचता यायलाच हवा.