अभ्यासक्रमांचे क्रमांक

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची गावे. परंतु धारची महाविद्यालये इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाकडे, तर देवासची उज्जैनला १९५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाकडे. विद्यापीठे दोन असली, तरी बारावीनंतर आपणांपुढे पडणारे कोडे एकच. अभ्यासक्रमाचा क्रमांक काय सांगतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये आखलेल्या चौकटीत क्रमांक म्हणजे पायरी होय. १०० ते १९९ पायाभूत, २०० पासून मध्यम, ३०० पासून उच्च, ४०० पासून प्रगत, पाचशेपुढे पदव्युत्तर. ‘मेजर’ हा मुख्य विषय, ‘मायनर’ हा जोडविषय. व्याख्यानाच्या एका ‘क्रेडिट’ला सत्रात १५ तास पडतात आणि तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० क्रेडिट लागतात. एवढे समजले म्हणजे पुष्कळ झाले.

या सर्वांखाली शून्य ते ९९ अशी एक पायरी आहे. ती पूर्वतयारीची, तीत उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढेच ठरते, क्रेडिट मिळत नाही. म्हणून तिच्याकडे कोणी फिरकणार नाही, अशी भीती वाटते. आपणांस तर तिचीच गरज अधिक! मराठीतून शिकलेला विद्यार्थी हिंदी वा इंग्रजी व्याख्यानास बसतो, तेव्हा त्याची बुद्धी नव्हे, परिभाषा अडते. मोठा क्रमांक म्हणजे मोठा मान, हा समज सोडून महाविद्यालयांनी असे वर्ग उघडावेत, आणि आपण त्यांत निःसंकोच बसावे.